शेवट गोड हवाय ना? मग हे सागुक बघ

अरे लेखकमहाशय,

तुझा मेसेज वाचला. एकतर तू परिच्छेद पाडत नाहीस त्यामुळे वाचताना धाप लागते, पण मुद्दा कळला. पेशवाईतली तुझी ती प्रेमकथा शेवटाला आलीये, वाचणारे सगळे हात जोडून म्हणतायत की दोघांना मारू नकोस, आणि तुला मात्र मनातून वाटतंय की ऐतिहासिक म्हटलं की शेवटी एखादी चिता, एखादी विहीर, नाहीतर घोड्यावरून पाठमोरा जाणारा नायक पाहिजेच, त्याशिवाय लोक सिरीयसली घेत नाहीत. आणि त्याच मेसेजात अगदी खाली, लाजत लाजत, की ताई तुम्ही ते कोरियन हिस्टॉरिकल (म्हणजे सागुक, कोरियन ऐतिहासिक मालिका) खूप बघता, रोमँटिक आणि गोड शेवट असलेले चारपाच सांगा ना, मी मून लव्हर्स बघितला आणि आता कशात मनच लागत नाहीये.

पहिली गोष्ट म्हणजे लाजायचं काय त्यात? पोरांनी रोमँटिक बघायचं नाही असं कुठे लिहून ठेवलंय, आणि तू तर प्रेमकथा लिहितोस, तुझा तो अभ्यास आहे. दुसरी गोष्ट, सुरुवातीलाच मून लव्हर्स कुणी दिला तुला? जुन्या कोरियातल्या गोर्यो काळातले ते सगळे राजपुत्र, एकापेक्षा एक देखणे, आणि शेवटी हातात काय, तर रिकामी जागा. ते बघायचं असतं पण नंतर, मन जरा तयार झाल्यावर. तसंच द रेड स्लीव्ह. कुणी कितीही सांगो, सध्या हात लावू नकोस. ती २०२१ ची मालिका माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सगळ्यात चांगली आहे, पण तिचा शेवट गोड नाही आणि तो तसा करताही येत नव्हता, कारण कोरियाचा जोंगजो राजा खरा, त्याची ती आवडती सोंग बाई खरी, ती १७८६ ला पोटुशी असतानाच गेली हे खरं, आणि तिने आपल्याला दोनदा नकार दिला होता हे राजाने स्वतः तिच्या स्मृतिलेखात लिहून ठेवलंय. आता एवढं लिहून ठेवल्यावर मालिकेवाले बिचारे काय करणार.

आणि इथेच तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे बघ. माणूस खरा घेतलास की शेवटही त्याच्याबरोबर येतो, तुझ्या हातात राहत नाही. थोरले माधवराव आणि रमाबाई घेतलेस तर थेऊर आणि १७७२ साल टळत नाही, मराठी वाचक पहिल्या पानापासून तिकडेच डोळे लावून बसतो. गंमत म्हणजे माधवराव गेले त्यानंतर चारच वर्षांनी तो जोंगजो गादीवर आला, म्हणजे काळ जवळपास एकच. पण कोरियन लेखक मंडळींनी यातून सुटायच्या इतक्या वाटा शोधल्यात की त्या बघूनच तू लिहायला शिकशील असं मला वाटतं, म्हणून नुसती नावं न देता जरा सविस्तर लिहितेय. शेवट गोड आहे हे तू आधीच मागून घेतलंयस, त्यामुळे स्पॉयलर दिला म्हणून नंतर भांडायचं नाही.

आधी हे समजून घे की जोसन राजवाडा, म्हणजे कोरियातलं १३९२ ते १८९७ पर्यंतचं ते राज्य, प्रेम करायला किती वाईट जागा होती. युवराजाचं लग्न ठरायचं असेल तर वरच्या घराण्यांतल्या सगळ्या मुलींची लग्नं थांबवायची, मग तीन फेऱ्यांमध्ये निवड, त्यात शेवटपर्यंत पोचलेली मुलगी निवडली नाही गेली तरी तिचं पुढचं सगळं अवघडच. राजवाड्यात काम करणारी मुलगी ही राजाचीच समजायची, तिला बाहेर कुणाशी लग्न करता यायचं नाही. राजकन्येशी लग्न केलंत तर तुमची सरकारी कारकीर्द तिथेच संपली. विधवेने पुन्हा लग्न केलं तर तिच्या मुलांना सरकारी परीक्षेला बसायला बंदी. म्हणजे लेखकाला खरं तर व्हिलनची गरजच नाही, नियमच व्हिलन आहेत, तरी प्रत्येक मालिकेत एक पांढऱ्या दाढीचा मंत्री असतोच जो बंद खोलीत इतर दाढीवाल्यांबरोबर बसून कट करतो. त्याचं नाव लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नकोस. दाढीवाला मंत्री म्हणायचं आणि पुढे जायचं.

तर या असल्या जागेत दोन माणसं शेवटी एकत्र आली तर ते नुसतं लग्न झालं असं वाटत नाही, काहीतरी मोडून ती बाहेर आलीत असं वाटतं. गोड शेवट असलेला सागुक मी बघते तो यासाठी. आणि तू बघताना प्रत्येक वेळी एकच गोष्ट शोध, की या दोघांना एकत्र आणायला लेखकाने कशावर पाणी सोडलं. कुठे गादी जाते, कुठे नाव, कुठे इतिहासच जातो. काहीच गेलं नाही तर तो शेवट गोड असूनही पाणचट लागतो, हे तुझं तुलाच कळेल.

सुरुवात कर १०० डेज माय प्रिन्स पासून. २०१८ चा, टीव्हीएनचा, सोळा भाग. एक घमेंडखोर युवराज, पाऊस पडत नाही म्हणून फर्मान काढतो की राज्यातल्या सगळ्या बिनलग्नाच्या पोरापोरींची लग्नं लावा, आणि मग त्याच्यावर हल्ला होतो, स्मृती जाते, आणि त्याच फर्मानाखाली त्याचंच लग्न एका खेड्यातल्या, गावाच्या मते वय उलटून गेलेल्या मुलीशी लागतं. त्याला काही म्हणजे काही येत नाही. लाकूड फोडता येत नाही, पैसे कळत नाहीत, कर्ज करून ठेवतो, आणि वर सारखं नाक वर करून म्हणतो की हे फक्त मलाच खटकतंय का. डी.ओ. म्हणजे दो क्योंग-सूने तो चेहरा असा काही मख्ख ठेवलाय ना की प्रत्येक वेळी हसू येतं. नाम जी-ह्यून तर मला कुठल्याही मालिकेत चालते, तिच्या डोळ्यात एक हिशेबी शहाणपण असतं. शेवटचे तीनचार भाग राजवाड्यात शिरल्यावर जरा रेंगाळतात, खेड्यातली मजा जाते, पण शेवट छान. तू यात हे बघ की प्रेम कुठे होतं. राजवाड्यात नाही होत. पडक्या घरात, चूल पेटवताना, देणेकरी दारात उभे असताना होतं. आणि तुझ्या कथेत सगळे प्रेमप्रसंग वाड्याच्या चौकात आणि झुंबराखाली आहेत, जरा त्या दोघांना परसात पाठव की.

मग मून एम्ब्रेसिंग द सन. हा २०१२ चा, एमबीसीचा, वीस भागांचा, आणि कोरियात तेव्हा चाळीस टक्क्यांच्या वर रेटिंग गेलं होतं, म्हणजे अख्खा देश संध्याकाळी टीव्हीसमोर. यात राजा काल्पनिक आहे. जोसन खरं, कपडे खरे, राजवाड्याचे नियम खरे, फक्त हा राजा इतिहासात कधी नव्हताच. किती साधी युक्ती आहे बघ, पण त्यामुळे लेखकाचे हात मोकळे झाले आणि बघणाऱ्याला शेवट माहीत नसण्याचं सुख मिळालं. पहिले सहा भाग लहानपणीचे आहेत आणि ते नंतरच्या चौदा भागांपेक्षा सरस आहेत असं म्हणणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलीच. यो जिन-गू आणि किम यू-जंग, दोघं तेव्हा शाळकरी पोरं, पण त्यांनी जे काही रडवलंय. युवराज्ञी म्हणून निवडलेली मुलगी जादूटोण्याने आजारी पाडतात, ती मेली असं सगळ्यांना वाटतं, पुरतात, आणि तिथून तिला जिवंत बाहेर काढलं जातं, पण आठवण पुसलेली. आठ वर्षांनी ती मांत्रिक बाई होऊन राजाच्याच खोलीत येते, त्याची पीडा स्वतःवर घ्यायला, आणि दोघांनाही कळत नाही आपण एकमेकांचे कोण. हो, पुन्हा स्मृतिभ्रंश. सागुक बघायचे तर स्मृतिभ्रंशाशी मैत्री कर, दर दोन मालिकांमागे एकदा भेटतो.

पण यात बघायचं ते वेगळंच. मुख्य जोडी सुखी होते खरी, पण तोवर आजूबाजूला किती माणसं पडतात. सावत्र भाऊ जातो, तिची जिवाभावाची मैत्रीण जाते, आणि ती दुसरी राणी, जिचा तसा गुन्हा एवढाच की तिच्या बापाला सत्ता पाहिजे होती आणि तिला नवऱ्याचं प्रेम, ती स्वतःला संपवते. मला आजही त्या राणीचं जास्त वाईट वाटतं. आणि राजाची सख्खी बहीण, लाडावलेली, तिने आपल्याला आवडणारा मुलगा मिळावा म्हणून कटात साथ दिलेली असते, आणि तो मुलगा कोण तर नायिकेचा भाऊ. तिला शिक्षा होते, गुलाम करतात, आणि शेवटी तो तिला परत घरात घेतो, त्यावर मी आणि माझी नणंद आजतागायत वाद घालतोय की घ्यायला पाहिजे होतं की नाही. तर तुझ्या कथेत गोड शेवट केलास तरी कुणाचंच काही वाईट होऊ नये असा हट्ट धरू नकोस एवढंच.

लव्ह इन द मूनलाईट हा मात्र अगदी उलटा प्रकार, आणि याच्यावर माझं फार प्रेम आहे हे आधीच सांगते म्हणजे मी निष्पक्ष नाही. २०१६, केबीएस, अठरा भाग. पार्क बो-गम युवराज ली योंग, किम यू-जंग (तीच, आता मोठी झालेली) मुलाच्या वेशात लोकांना प्रेमपत्रं लिहून देणारी, आणि फिरत फिरत राजवाड्यात खोजा म्हणून भरती होणारी. पहिले आठ भाग म्हणजे नुसती मजा आणि तो हसला की आपणही वेड्यासारखं हसतो. पुढे कळतं की ती १८११ च्या बंडाचा नेता होंग ग्योंग-ने याची मुलगी, म्हणजे सत्तेच्या हिशेबाने देशद्रोह्याची लेक, आणि मग सगळं जड होत जातं. आता हा युवराज खरा आहे. ह्योम्योंग, जन्म १८०९, आजारी बापाच्या जागी १८२७ पासून कारभार बघत होता, हुशार, नृत्यसंगीताची जाण असलेला, आणि १८३० ला ऐन तारुण्यात गेला. राजा कधी झालाच नाही. मालिकेत मात्र तो जगतो, गादीवर बसतो, आणि ती त्याला भेटते. सरळ सरळ खोटं. पण मी कोरियात असते तर मला वाटतं मीही म्हटलं असतं की निदान टीव्हीवर तरी जगू दे त्याला. नाव खरं ठेवून मरण बदलायचं, याला हिंमत लागते आणि मराठीत तू हे करायला गेलास तर तुझ्या घरावर मोर्चा येईल, म्हणून तुला हा रस्ता सुचवत नाही. तुझा नायक काल्पनिक जहागीरदाराचा मुलगा आहे ते उत्तमच आहे, फक्त मग त्याला खऱ्या लढाईत उगाच मारू नकोस, तिथे तुझ्यावर इतिहासाची काही सक्ती नाही.

आता मुलाच्या वेशातली मुलगी हा विषय निघालाच आहे तर सुंगक्युनक्वान स्कँडल पण ठेव यादीत, २०१० चा आहे, म्हणजे पिक्चर क्वालिटी जरा जुनी वाटेल. १३९८ ला सुरू झालेलं ते सोलमधलं राजविद्यालय, तिथे बायकांना प्रवेश नाही, आणि ही बाई आजारी भावाच्या नावावर शिकायला जाते. जोंगजो राजाच इथेही आहे, पण इथे तो प्रेमकथेत नाही, मास्तराच्या भूमिकेत आहे, म्हणून त्याचा खरा इतिहास कुणाच्या आड येत नाही. बघितलंस, खरा राजा कथेच्या कडेला उभा केला की कथेला वजनही येतं आणि शेवटही मोकळा राहतो. चार मित्रांची दोस्ती प्रेमकथेपेक्षा भारी आहे, सोंग जूंग-की त्यात असा काही वागतो की नायकाकडे लक्षच जात नाही. शेवटी नवराबायको दोघं तिथेच शिकवतात, ती अजूनही पुरुषी वेशात. गोड आहे पण जरा टोचतं ना ते? टोचायलाच पाहिजे.

द किंग्स अफेक्शन. हा तू बघच, आणि नीट बघ. २०२१ चा, वीस भाग, आणि २०२२ ला याला इंटरनॅशनल एमी मिळालं, टेलिनोव्हेला गटात, कोरियन मालिकेला त्या गटात पहिल्यांदाच. युवराज्ञीला जुळं होतं, मुलगा आणि मुलगी, जुळ्यातली मुलगी म्हणजे अपशकुन म्हणून तिला मारायचं ठरतं, ती वाचते, आणि नियती अशी की मरतो तो भाऊ आणि मग हिला त्याच्या जागी युवराज म्हणून उभं करतात. आयुष्यभर. पार्क उन-बिनने जे केलंय त्यात, चालणं, बसणं, आवाज, आणि त्या सगळ्याखाली सतत एक भीती, ते बघून घे कारण तुझी नायिका फार लवकर मोकळी होते. आणि प्रेम होतं ते कुणावर, तर आपल्या शिक्षकावर, ज्याच्या बापाच्या हातून तिचा भाऊ गेलाय. शेवटी काय होतं? ती गादी सोडते. राजा होऊन, सगळं जिंकून, मग सोडते, आणि दोघं समुद्राकाठी साधं राहायला जातात. हा माझ्या मते सागुकातला सगळ्यात प्रामाणिक गोड शेवट, कारण राजवाड्यात राहून सुखी होता येत नाही हे त्यात स्पष्ट कबूल केलंय. दे जांग गम पण तसाच, २००३ चा तो चौपन्न भागांचा, दूरदर्शनवर हिंदीत लागलेला. त्यात प्रेम अगदी हळू शिजतं, स्वयंपाकघर आणि औषधं जास्त, पण शेवटी ते नवराबायको आणि त्यांची छोटी पोर, राजवाड्यापासून लांब, आणि ती अजूनही बायांची अडलेली बाळंतपणं करतेय. चौपन्न भाग म्हणून घाबरू नकोस, पण सबमिशन असेल तेव्हा सुरू करू नकोस.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले ती मालिका. रूकी हिस्टोरियन गू हे-र्यंग, २०१९. ही तुझ्यासाठीच केलीये की काय असं वाटतं. नायक एक एकांतात वाढवलेला राजपुत्र, ज्याला बाहेर पडायची परवानगी नाही, आणि तो टोपणनावाने प्रेमकादंबऱ्या लिहितो, बेस्टसेलर, आयुष्यात एकदाही प्रेम न करता. आणि पुस्तकाच्या दुकानात नायिका त्याच्यासमोरच, तो लेखक आहे हे माहीत नसताना, त्याच्या कादंबरीची जी काही सालं काढते! बघताना तुला स्वतःचे वाचक आठवतील. पुढे ती राजवाड्यात इतिहास लिहिणारी अधिकारी होते. जोसनमध्ये हे इतिहासकार राजाच्या प्रत्येक सभेत बसून लिहायचे आणि राजाला ते वाचायची परवानगी नसायची, कितीही आदळआपट केली तरी. १४०४ ला तेजोंग राजा शिकारीत घोड्यावरून पडला आणि उठता उठता म्हणाला की इतिहासकाराला सांगू नका, तर तेही वाक्य लिहून ठेवलंय. मला हा किस्सा इतका आवडतो की जिथे तिथे सांगते. बाईला हे काम द्यावं अशी सूचना सोळाव्या शतकात खरंच आली होती, पण मानली गेली नाही, आणि मालिकेने ती मानली गेली असती तर, एवढंच धरून गोष्ट रचलीये.

आणि शेवट, शेवट बघ तू. ती लग्न करत नाही. राजघराण्यात सून म्हणून गेली तर नोकरी सुटणार, दार बंद होणार, म्हणून ती राजपुत्राला सरळ नाही म्हणते, आणि रडारड होते, आणि मग तोच राजपुत्रपद सोडतो. काही वर्षांनी बघतो तर ती अजूनही रोज ऑफिसला जातेय, उशीर झाला म्हणून पळतेय, आणि तो भटकून येतो, लिहितो, दोघं एकमेकांचे आहेत, मंगळसूत्र वगैरे काही नाही. काही प्रेक्षकांना हा शेवट अपुरा वाटला. मला तो सगळ्यात गोड वाटला. चा उन-वूचा अभिनय सुरुवातीला जरा लाकडी आहे, ते सोडून दे, शिन से-क्यंग सांभाळून घेते. तुझ्या कथेतली ती वैद्याची मुलगी, जिला नाडीपरीक्षा येते, तिचं लग्न लावून दिलंस की ती औषधं कुटायचं सोडून देणार का, याचा तू विचार केलायस का? मला पुढच्या ड्राफ्टमध्ये ते दिसलं पाहिजे.

द मॅचमेकर्स पण बघ, २०२३ चा, सोळा भाग, हलकाफुलका. यात नायक विधुर आणि नायिका विधवा. तो पोरगा परीक्षेत पहिला आलेला, राजकन्येशी लग्न लागत असतानाच ती राजकन्या जाते, आणि आता हा ना धड नवरा ना धड अधिकारी, कायद्याने दुसरं लग्न नाही आणि नोकरी पण नाही. ती दिवसा पांढऱ्या कपड्यात मान खाली घालून बसणारी सून आणि चोरून लोकांची लग्नं जमवणारी. बघताना हसतोस आणि मग मधेच आठवतं की विधवेच्या मुलांवर बंदीचा तो नियम १४७७ चा, आणि विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक मिळाली ती थेट १८९४ च्या सुधारणांत. आपल्याकडे कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं ते १८९३ ला आणि मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. एका वर्षाचं अंतर! दोन्हीकडे कायदा एक म्हणतो आणि गल्ली दुसरंच म्हणते. तुझ्या कथेत ती बालविधवा काकू आहे ना, जी नुसती दारामागून ऐकत असते, तिच्याकडे तुझं लक्षच नाहीये. वाचक तिच्याबद्दल विचारत नाहीत म्हणून तू पण विसरलास.

बाकी पटापट सांगते. मिस्टर क्वीन, पोट धरून हसशील, आजच्या काळातल्या आचाऱ्याचा जीव राणीच्या अंगात शिरतो, शेवट राजाराणीसाठी गोड पण त्या आचाऱ्याचं काय झालं यावर लोक अजून चिडलेले आहेत, आणि ज्या राजनोंदींचं मी वर कौतुक केलं त्यांची त्यात टिंगल केली म्हणून कोरियात बरीच ओरड झाली होती. कॅप्टिव्हेटिंग द किंग, २०२४, पटावरचा खेळ, सूड, वेशांतर, मोठ्या माणसांचं प्रेम, सावकाश बघ. द प्रिन्सेस मॅन, २०११, १४५३ च्या त्या रक्तरंजित सत्तापालटात खुन्याची मुलगी आणि ज्याला मारलं त्याचा मुलगा, दोघं शेवटी जगतात, लांब कुठेतरी, पण त्याची दृष्टी जाते. याला गोड म्हणायचं की नाही ते तू ठरव. मी म्हणते.

आणि काही गोष्टी उचलू नकोस प्लीज. मनगट धरून ओढत नेणं, हे जुन्या मालिकांमध्ये सारखं आहे आणि मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं. पडताना सावरणं आणि मग कॅमेरा तीनदा गोल फिरणं. नायिकेला दुसऱ्या बाईच्या मत्सरापुरतंच काम देणं. उचलायचंच असेल तर हे उचल, की सागुकात बाराव्या-तेराव्या भागाला एक मोठं गुपित फुटतं आणि त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलतात. खरंच बोलतात, समोरासमोर, लांब सीन असतो. तुझ्याकडे गुपित फुटल्यावर नायक थेट मोहिमेवर जातो, कारण तुला तो सीन लिहायची भीती वाटतेय, मला कळतं ते.

त्या सीनसाठी शेवटचं नाव देते, माय डिअरेस्ट. २०२३, एमबीसी, एकवीस भाग, आणि हे परीक्षा संपल्यावर बघायचं, आधी नाही, कारण हे हलकं अजिबात नाही. १६३६ च्या थंडीत मांचूंच्या चिंग राज्याचं सैन्य येतं, पुढच्या वर्षी राजा इंजो शत्रूपुढे गुडघे टेकतो, आणि हजारो माणसं धरून त्यांच्या राजधानीत, शेनयांगला नेतात, विकतात. नायिका गिल-चे सुरुवातीला गावभर नखरे करत फिरणारी, तिला तू पहिल्या दोन भागांत शिव्या देशील, देऊ नकोस. ती युद्धातून माणसं जगवते, नंतर स्वतः पकडली जाते, बाजारात उभी राहते, आणि परत येते तेव्हा तिच्या घरच्यांना ती नको असते. हा भाग खरा आहे, परत आलेल्या कितीतरी बायकांना त्यांच्या घरांनी असंच नाकारलं, जणू पकडलं जाणं हा त्यांचाच गुन्हा. तर अशा वेळी ती नायकाला, जांग-ह्यूनला विचारते की माझ्यावर बळजबरी झाली असेल तर? आणि तो म्हणतो की मग तुला जवळ घ्यायला पाहिजे, किती त्रास झाला असेल. एवढंच. नामगूंग मिनने ते किती साधं म्हटलंय. पार्श्वभूमीला मोठी ओरडी व्हायोलिनं नाहीत, भाषण नाही. यानंतरही त्यांना सरळ सुख मिळत नाही, तो हरवतो, त्याला काही आठवत नाही (हो, परत तेच!), ती समुद्राकाठी शोधत जाते, आणि त्याला आठवतं. एकवीस भाग झगडून मिळालेलं ते एकत्र येणं आहे, त्याला कुणी फिल्मी म्हणू शकत नाही.

तर या शुक्रवारी १०० डेज सुरू कर, सबटायटल लावून, डबिंग नको. एका रात्रीत सगळं संपवायचं नाही, सकाळी कॉलेज असतं. मॅचमेकर्स दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर बघ, तिला आवडेल, त्यातल्या सासवा तिला ओळखीच्या वाटतील. गू हे-र्यंग मात्र एकटाच बघ आणि शेजारी वही ठेव. आणि शेवटचं प्रकरण पाठवशील तेव्हा त्याबरोबर त्या गुपित फुटल्यानंतरच्या बोलण्याचा सीन पण पाठव, कच्चा असला तरी चालेल, शुद्धलेखन मी बघते, आणि हो, परिच्छेद पाड.

तुझी,
ताई